एका खिडकीचा कूलर

जाळीतून आधी बांगड्यांचा आवाज आला. जागेश्वर निमजे महादेवरावांच्या बैठकीत, दिवाणाच्या अगदी कडेला बसला होता आणि दाराच्या वर भिंतीत बसवलेल्या त्या चौकोनी जाळीकडे मान वर करून पाहत होता. जाळीच्या आत पत्र्याची रुंद नळी होती. ती गच्चीवरच्या मोठ्या कूलरपासून निघून सगळ्या खोल्यांवरून फिरत जाते, असं महादेवराव येताजाता सगळ्यांना सांगत, आज त्यालाही सांगून झालं होतं. मोटर सुरू करून येतो, मग पाहा मजा, असं म्हणून ते गच्चीवर गेले होते. त्यांच्या बायकोने, शोभाताईंनी, जागेश्वरच्या बायकोला, गोपिकेला, मागची खोली दाखवायला नेलं होतं. मोटर अजून सुरू व्हायची होती, नळी रिकामी होती, आणि त्या रिकाम्या नळीतून शोभाताई म्हणाल्या, "नव्या घरात तुही खोली कोणती वं?"

"माही कोणतीच नाही, ताई," गोपिका म्हणाली. "मी नाही जाऊन राहिली तिथं."

आवाज इतका जवळचा होता की जागेश्वरने शेजारी पाहिलं. शेजारी कोणी नव्हतं. दिवाणावर लोकरीने विणलेलं जाळीदार कापड होतं आणि त्यावर त्याचा स्वतःचा हात होता. त्याला प्रथम वाटलं, ही कुठल्या तरी लग्नाबद्दल बोलते आहे. कोणाकडे तरी जायचं होतं आणि ही जाणार नाही, एवढंच. मग गोपिका पुढे म्हणाली, "त्याहिले अजून सांगतलं नाही. घर पुरं होऊ द्या म्हटलं. मनापासून बांधून राहिले." शोभाताईंनी काहून म्हणून विचारलं असावं, कारण थोडं थांबून तोच आवाज, न चढता, न रडता, भाजीचा भाव सांगावा तसा म्हणाला, "तांडापेठेच्या घरात पंधरा माणसं होती म्हणून निभलं, ताई. तिथं आम्ही दोघंच. दोघं मिळून काय करू? मले त्याचीच भीती वाटते. मी धाकट्या जावेपाशी, भागीरथापाशी राहीन." आणि मग गच्चीवर मोटर सुरू झाली. पत्रा एकदा थरथरला, जाळीतून धुळीचा एक झोत आला, त्यामागून ओल्या गवताच्या वासाची गार हवा थेट त्याच्या चेहऱ्यावर आदळली आणि बाकीचं सगळं तिच्या आवाजात बुडालं.

आता काही तरी होईल म्हणून जागेश्वर वाट पाहत बसला. छातीत काही, पोटात काही. लहानपणी हिवाळ्याच्या सकाळी आजोबा त्याला सुताला खळ लावायला बसवत, तेव्हा गार खळीत बुडवून बुडवून बोटं अशी होत की ती आपली नाहीतच असं वाटे; एखादं चिमटून पाहिलं तरी चिमटणाऱ्या बोटालाही कळत नसे की आपण चिमटतो आहोत. तसं झालं. त्याने हवेकडे लक्ष दिलं. हवा चांगली होती. मार्च संपत आला होता, बाहेर सक्करदऱ्याच्या तळ्यावर ऊन पांढरं झालं होतं, आणि इथे सदऱ्याची कॉलर गार पडत होती. महादेवराव जिना उतरून, धोतराला हात पुसत आले आणि कसं काय म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा तो खरोखर मनापासून म्हणाला की हवा शेवटच्या खोलीपर्यंत एकसारखी पोचत असेल तर यासारखं दुसरं काही नाही.

महादेवराव मूळचे नरखेडकडचे. संत्र्याच्या बागा होत्या, मग ट्रक घेतले, वाडीला गोदाम टाकलं. उन्हाळा हा माणसाने सोसायचा नसतो, हे त्यांचं या वयातलं मत होतं. दिल्लीच्या एका हॉटेलात त्यांनी अशाच नळीतून हिवाळ्यात गरम हवा आलेली पाहिली होती. इथेही डिसेंबरात त्यांनी कूलरच्या तोंडाशी विजेची शेगडी ठेवून तो प्रयोग केला, पण घरभर जळक्या धुळीचा वास सुटला आणि शोभाताईंनी तो बंद करायला लावला. ते हसले. जागेश्वरही हसला. तेवढ्यात बायका बाहेर आल्या. गोपिकेने पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला होता, तिला गार हवा सोसत नसे. ती जाळीखाली उभी राहिली, वर पाहिलं आणि म्हणाली की छान गार होते. शोभाताईंनी जागेश्वरकडे पाहिलं आणि लगेच चहाच्या कपांकडे पाहिलं. त्या नजरेमुळे त्याची खात्री झाली की जे ऐकलं ते ऐकलंच.

रिक्षात ती नेहमीसारखी आपल्या बाजूला अंग चोरून बसली होती. रिक्षावाला चढावर खाली उतरून ओढत होता. शोभाताईंच्या घरात झाडू मारायला किती वेळ लागत असेल, असं काहीतरी ती म्हणाली, आणि त्याने हो म्हटलं. आता विचारायला हवं, असं त्याला वाटलं, पण ते वाटणंही शेजारच्या माणसाला होत असल्यासारखं वाटलं. तो तिच्या हाताकडे पाहत होता. तर्जनीवर सुताने पडलेली बारीक खाच होती. ही खाच तिने उमरेडहून येतानाच आणली होती. माहेरी तिचे वडील विणत, आणि लग्न होऊन आली तेव्हा ती कांड्या इतक्या झपाट्याने भरी की त्याच्या आईने, प्रयागबाईने, पहिल्याच आठवड्यात आपला सूत गुंडाळायचा रहाट तिच्याकडे सरकवून दिला होता. त्या कांड्या मागावर धोट्यात बसत आणि खडखड करीत इकडून तिकडे धावत. तांडापेठेतल्या त्यांच्या घरात तो आवाज कायम असे. तो थांबला की लोक वर पाहत.

त्या घरात गार खोली एकच होती, आणि ती माणसांसाठी नव्हती. मागाची खोली जमिनीत अर्धी खोदलेली, विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसे. उन्हाळ्यात कोरड्या हवेने ताण्याचं सूत पटापट तुटे म्हणून त्याचे वडील, नानाजी, दाराखिडक्यांना ओली पोती लावीत, जमिनीवर पाणी शिंपीत. उन्हाळा सुताला लागते, माणसाला नाही, असं ते म्हणत. मे महिन्यात दुपारी घरातलं जे कोणी मोकळं असेल ते त्या खोलीत येऊन भिंतीला टेके, पोरं ओल्या फरशीला पोट लावून पडत. जागेश्वर शिकला, कचेरीत लागला, तरी सुटीच्या दिवशी तोही तिथेच येऊन बसे. लग्नाच्या पहिल्या उन्हाळ्यात गोपिका अशीच पाणी शिंपत होती आणि शिंपता शिंपता एक ओंजळ त्याच्या मानेवर पडली. चुकून पडली की कसं, ते त्याला कळलं नाही. त्याने वळून पाहिलं तर ती पोत्याकडे वळली होती. नानाजी खाकरले. एवढंच. इतक्या वर्षांत ती ओंजळ त्याने कोणाला सांगितली नव्हती, आणि तिलाही विचारली नव्हती.

विचारणार कधी? त्या घरात नवराबायकोने एकमेकांशी बोलायची पद्धत नव्हती. भाजी कोणती करू हे ती सासूला विचारी, सासू त्याला विचारी, तो आईला सांगे आणि सासू तिला. देवकी झाली, मोठी झाली, तेव्हा हे काम देवकीकडे आलं. तिचं लग्न होऊन ती वर्ध्याला गेली तेव्हा ते पुन्हा म्हातारीकडे गेलं. बाबाले सांग, मायले विचार, त्याहिले म्हणा, अशा निरोपांवर त्यांचा संसार चालला, आणि त्याला तो सुरळीत चालल्यासारखा वाटला. गेल्या वर्षी प्रयागबाई वारली. तेरावं होऊन पाहुणे गेले आणि त्या संध्याकाळी ताटावर बसल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आमटीत मीठ कमी आहे हे सांगायला मधे कोणी नाही. त्याने मीठ उचलून घेतलं. तिने ते पाहिलं. घर शांत झालं असं त्याला तेव्हा वाटलं होतं. बरं वाटलं होतं. त्या बऱ्या वाटण्यातच त्याने सक्करदऱ्याच्या प्लॉटवर पाया खणायला घेतला.

तो पाटबंधारे खात्यात नकाशे काढी. सगळा जन्म त्याने कालवे काढले होते: तलावापासून निघणारा मोठा कालवा, त्याला फुटणाऱ्या शाखा, शाखांना पाटचाऱ्या. टोकाच्या शेताला पाणी नेहमी कमी मिळतं, म्हणून टोकाकडे उतार थोडा जास्त द्यावा लागतो. घराचा नकाशाही त्याने स्वतःच काढला आणि महादेवरावांच्या कूलरबद्दल ऐकल्यावर त्यावर निळ्या पेन्सिलीने हवेचा कालवा काढला. गच्चीवरून उतरणारी मोठी नळी, मधल्या बोळाच्या छताखालून चालत जाणारी, आणि प्रत्येक खोलीला एक तोंड. शेवटचं तोंड स्वयंपाकघरात होतं. ते त्याने सगळ्यांत मोठं ठेवलं होतं. चुलीपाशी उभ्या माणसाला हवा पुरली पाहिजे, हा हिशेब त्याने कोणाला न सांगता केला होता, आणि ते मोठं तोंड काढताना आपण कोणाशी तरी बोलतो आहोत असं त्याला वाटलं होतं. आता कचेरीत टेबलावर तो नकाशा पसरून तो बसला तेव्हा त्याला ती फक्त निळी रेघ दिसली. तिच्यात कोणी बोलत नव्हतं.

गोपिका सांगेल म्हणून त्याने वाट पाहिली. ती सांगत नव्हती. सकाळी डबा देई, संध्याकाळी पाणी देई, दिवसभर धाकट्या जावेबरोबर, भागीरथाबरोबर, मागाच्या खोलीत बसे. धाकटा भाऊ अजून विणत होता. माग आता एकच उरला होता. या दिवसांत जागेश्वर कचेरीतून आला की बूट काढता काढता त्या खोलीच्या दारापाशी थोडा जास्त उभा राहू लागला. आतून दोघींचं बोलणं ऐकू येई. कोणाच्या तरी सुनेबद्दल, कसल्या तरी रंगाबद्दल, आणि मधेच गोपिकेचं हसणं. ते हसणं त्याने पूर्वीही ऐकलं असणार. पण भिंतीपलीकडचा शेजारचा रेडिओ जसा वर्षानुवर्षं कानावर येतो आणि एक दिवस गाणं कळतं, तसं ते त्याला आता कळलं. ती हसते. ती बोलते. एका वाक्यातून दुसरं वाक्य काढते. तो दारात आला की हसणं थांबे. ते वाईट वाटून नाही, सवयीने, जसा पदर सावरावा. यातही राग येण्यासारखं काही नव्हतं. तो शोधत होता, पण राग सापडत नव्हता. हात घालावा आणि खिसा रिकामा असावा तसं.

रविवारी कूलरवाला चंद्रभान साइटवर आला. पत्रा कापण्याचा त्याचा कारखाना होता आणि तो सतत बोलत असे. मिस्तरी दुसऱ्या दिवसापासून प्लास्टर धरणार होता, म्हणून नळीसाठी भिंतीत भोकं सोडायची की नाही ते आजच ठरायला हवं होतं. गोपिका डबा घेऊन आली होती. विटांच्या थप्पीवर तिने तो ठेवला आणि न रंगवलेल्या, ओल्या सिमेंटच्या वासाच्या घरातून ती एकेका खोलीत जाऊन, भिंतीला हात लावून आली. चंद्रभान जागेश्वरला समजावत होता. डक्ट म्हणजे ही पत्र्याची नळी, सगळं घर एकदम गार. मशीन मोठंच लागते, ते एका खोलीपुरतं चालवता येत नाही, चालवलं तर निम्मी हवा फुकट. खिडक्या थोड्या उघड्या ठेवा लागतात, नाही तर घरभर चिकचिक होते. खिडकीचा कूलर म्हणजे त्या त्या खोलीपुरता.

"राहणार किती जण, त्याच्यावर हाय साहेब सारं," तो म्हणाला.

"एक," जागेश्वर म्हणाला.

"एकच मशीन ना? हो, डक्टले एकच लागते."

"एक माणूस. डक्ट नको. एका खिडकीचा कूलर करा."

आपला आवाज त्याने ऐकला. तो जाळीतून आल्यासारखाच, सपाट होता. डब्याचं झाकण उघडत होतं ते थांबलं. चंद्रभान काही तरी म्हणणार होता, पण त्याने दोघांकडे पाहिलं आणि खिशातली टेप काढून उगाच हातावर गुंडाळू लागला. रस्त्यावरून एक बैलगाडी वाळू घेऊन गेली, तिचा आवाज बराच वेळ येत राहिला. जागेश्वर समोरच्या भिंतीकडे पाहत होता. तिथे मिस्तरीने ओळंबा धरून कोळशाने उभी रेघ मारली होती.

"कोणत्या खिडकीले लावून राहिले, भाऊ?" गोपिकेने विचारलं. तिने ते चंद्रभानला विचारलं.

चंद्रभानने निजण्याच्या खोलीची मोठी खिडकी दाखवली. सगळे तिथेच लावतात, म्हणाला. गोपिका त्या खोलीत गेली. खिडकीपाशी उभी राहिली, मग जमिनीकडे पाहून पायाने अंतर मापल्यासारखं केलं. 

"इथं नको," ती म्हणाली. "पलंग असा येईन. ते उजव्या कुशीवर झोपतात, तोंड खिडकीकडं होईन. हवा सिधी छातीवर. त्याहिले खोकला हाय, चैतात वाढते. त्या पायाकडच्या खिडकीले लावा. आन् जाळी वरच्या अंगाले करा."

चंद्रभानने बरं म्हटलं आणि टेप घेऊन दुसऱ्या खिडकीकडे गेला. जागेश्वर दारात उभा होता. आपण उजव्या कुशीवर झोपतो हे त्याला माहीत नव्हतं. म्हणजे असेल, झोपणाऱ्याला ते कसं माहीत असणार. ते दुसऱ्याने जागं राहून पाहावं लागतं. त्याला एकदम कळलं की ही कोणत्या कुशीवर झोपते हे आपल्याला माहीत नाही, आणि ते आठवायला म्हणून तो इतकी वर्षं मागे गेला तरी तिथे अंधारात फक्त एक अंथरूण होतं.

गोपिका त्याच्याकडे वळली. "शोभाताईनं सांगतलं का?"

"नाही. जाळीतून ऐकू आलं."

तिने मान हलवली. "मी सांगणारच होती."

"हो."

"रागावले का?"

त्याने खरंच आत पाहिलं. "माहीत नाही," तो म्हणाला.

"तुम्ही मले कधी वाईट नाही म्हटलं," गोपिका म्हणाली. "चांगलं बी नाही. कायचंच काही नाही. मी विचार केला, तिथं सकाळी उठीन आन् दिवसभर हेच ऐकत बसीन." तिने हाताने कोरी भिंत दाखवली. मग ती बाहेर गेली, डबा उघडला, आणि ज्वारीची भाकर, झुणका, कांदा असं सगळं विटांवर मांडलं. तिघांनी जेवण केलं. चंद्रभानही जेवला, आणि सगळ्यांच्या वतीने तोच बोलला. कुठल्या टॉकीजमध्ये त्याने केवढा कूलर बसवला आणि पहिल्या खेळाला पुढच्या रांगेतले लोक कसे गारठून मागे पळाले, ते त्याने सांगितलं.

अक्षयतृतीयेला घरात जाणं झालं. देवकी वर्ध्याहून आली, तिने काही विचारलं नाही. तिला आधीच सांगितलेलं असावं. गोपिकेने दूध उतू घातलं, देवाजवळ दिवा लावला, पायाकडच्या खिडकीतल्या कूलरमध्ये रबरी नळीने पाणी भरलं, पंखा सुरू करून पलंगापाशी उभी राहिली आणि पदर किती हलतो ते पाहिलं. महादेवराव आले होते, ते एवढ्या मोठ्या घराला एकच कूलर पाहून हळहळले, आणि शोभाताईंनी त्यांना प्रसादाची वाटी देऊन गप्प केलं. ऊन कलल्यावर गोपिका आणि भागीरथा रिक्षाने तांडापेठेला गेल्या. रिक्षा वळेपर्यंत जागेश्वर फाटकाशी होता. मग आत येऊन त्याने खोल्या पाहिल्या. चार खोल्यांत गरम, कोरी हवा उभी होती. लोकांना काय सांगायचं हा प्रश्न त्याला वाटला होता तितका अवघड निघाला नाही. मागाचं काम आहे, तिकडे माणूस लागतं, असं तो म्हणे, आणि लोक बरं म्हणत.

दर रविवारी तो तांडापेठेला जेवायला जाऊ लागला. तसं ठरलं नव्हतं. पहिल्या रविवारी गेला तेव्हा गोपिकेने पाहुण्याला मांडावा तसा पाट मांडला आणि तो बसला. मे महिना चालू झाला होता, दाराला ओली पोती होती. जेवून तो मागाच्या खोलीत भिंतीला टेकून बसे, धाकटा भाऊ विणे, भागीरथा आणि गोपिका रहाटापाशी असत, आणि ऊन उतरलं की तो उठे. दोघी आता तो असला तरी बोलत. हळूहळू हसूही लागल्या. तो ऐकत असे. मिरगाच्या थोडा आधी, अशाच एका दुपारी भाऊ कुठे तरी गेला होता, माग थांबला होता आणि भागीरथा भिंतीशी डोळे मिटून पडली होती. गोपिका कांड्या भरत होती. हात न थांबवता तिने विचारलं, "झोप लागते का तिकडं?"

"लागते," तो म्हणाला. मग छातीच्या डाव्या बाजूला काही तरी दुखलं. खळीतून काढलेली बोटं चुलीपाशी धरली की आधी दुखतात, तसं. तो म्हणाला, "तू कोणत्या कुशीवर झोपते?"

रहाट थांबला. गोपिकेने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तिच्या कपाळावर घाम होता, आणि आजवर ती त्याच्याकडे अशी सरळ, इतका वेळ पाहत राहिल्याचं त्याला आठवत नव्हतं.

"काहून?" ती म्हणाली.

"माहीत नव्हतं मले."

ती पुन्हा रहाटाकडे वळली. मग तिने तुटलेल्या सुताचं टोक शोधलं, दुसऱ्या टोकाला लावून बोटांनी वळलं, आणि रहाटाला हात घातला.

"डाव्या," ती म्हणाली.